फ्रीझरमध्ये मुरत नाही, वितळताना मुरतं : चिकन फहिताचा साठवणीचा मसाला

फलकावरचा विषय वाचून दोघा-तिघांनी आत येतानाच विचारलं, की यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? चिकनला मसाला लावायचा, पिशवीत भरायचं, फ्रीझरमध्ये टाकायचं. झालं. तीन वर्षांपूर्वी आम्हालाही असंच वाटत होतं.

आम्ही म्हणजे ह्यूस्टनच्या एका उपनगरातली सहा-सात मराठी घरं. कुणाकडे बाळंतपण असलं, कुणाचं ऑपरेशन झालं, की आम्ही मिळून त्या घरासाठी स्वयंपाक करतो. पोळ्या, वरण, खिचडी हे सगळं असतंच. पण दोन आठवडे तेच खाऊन माणूस कंटाळतो, आणि इथे वाढलेल्या मुलांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : फहिता. मग आम्ही मसाला लावलेलं चिकन गोठवून पिशव्या द्यायला लागलो. तव्यावर टाकायचं, टॉर्टियात गुंडाळायचं, पंधरा मिनिटांत जेवण.

अशाच एका घरी पहिलं बाळ होणार होतं. आजीचा व्हिसा वेळेत झाला नाही आणि बाळ मात्र दोन आठवडे आधीच आलं, तेही सिझेरियनने. आमची तयारी होती. सहा पिशव्या, प्रत्येकीत अर्धा किलो चिकन. मसाल्यात लिंबाचा रस सढळ हाताने घातलेला, शिवाय मऊ व्हावं म्हणून ताज्या अननसाचा रस. पाच-सहा दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. ‘मावशी, चव छान आहे हो,’ म्हणाली आणि थांबली. ‘पण चिकन जरा पिठासारखं लागतंय. माझंच काही चुकलं का?’ मग बोलता बोलता दुसरी गोष्ट कळली. एक पिशवी तिने रात्री ओट्यावर काढून ठेवली होती. बाळ रात्रभर रडत होतं. पिशवीची आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तिने ती फेकून दिली, ते योग्यच केलं, पण फेकताना तिला रडू आलं.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आमची होती, आणि ती एका समजुतीतून आली होती. समजूत अशी, की पिशवी महिनाभर फ्रीझरमध्ये आहे म्हणजे चिकन महिनाभर मुरतंय. तसं होत नाही. आज जे सांगायचंय ते एवढंच, की फ्रीझरमध्ये चिकन मुरत नाही, ते वितळताना मुरतं. हे एकदा पटलं की मसाल्यात काय घालायचं आणि काय नाही, ते आपोआप ठरत जातं.

आधी थोडं फहिताबद्दल, कारण लिंबाची भानगड तिथूनच सुरू होते. नावात इंग्रजी ‘जे’ अक्षर असलं तरी उच्चार ‘ह’चा. स्पॅनिशमध्ये ‘फाहा’ म्हणजे पट्टा, आणि ‘फहिता’ म्हणजे छोटा पट्टा. हे नाव मुळात पदार्थाचं नव्हे, मांसाच्या एका तुकड्याचं. गाईच्या श्वासपटलाचा लांबट, पातळ, जाड धाग्यांचा भाग. दक्षिण टेक्सासमध्ये, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, गुरं राखणाऱ्या मेक्सिकन वाकेरोंना मजुरीचा भाग म्हणून जनावराचं डोकं, कातडं आणि असे कमी प्रतीचे समजले जाणारे तुकडे मिळत. त्यांनी ते निखाऱ्यावर भाजून, आडवे कापून टॉर्टियात खायला सुरुवात केली. घरातला आणि रानातला हा पदार्थ बाजारात यायला बराच काळ गेला. सप्टेंबर १९६९ मध्ये काइल या गावच्या उत्सवात सनी फाल्कन यांनी फहिताचा पहिला स्टॉल लावला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. १९७३ मध्ये इथे ह्यूस्टनला, नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर, निन्फा लॉरेन्झो यांनी आपल्या टॉर्टियाच्या कारखान्याच्या पुढच्या भागात दहा टेबलांचं उपाहारगृह काढलं आणि निखाऱ्यावरच्या मांसाचे टाको शहरभर लोकप्रिय केले. धूर काढत, चरचरत टेबलावर येणारी बिडाची थाळी ही त्यानंतरची, १९८०च्या दशकातली, ऑस्टिनच्या एका मोठ्या हॉटेलातली. पुण्या-मुंबईतल्या मंडळींना सिझलर आठवेल, तसाच तमाशा.

म्हणजे ‘चिकन फहिता’ हा शब्दच मुळात चुकीचा, कारण कोंबडीच्या ज्या भागाचे आपण पट्टे करतो तो काही फहिता नव्हे. शुद्धतावादी टेक्सन माणूस याच्यावरून अजूनही वाद घालतो. आपण घालायचं कारण नाही. पण या घोटाळ्यातून एक व्यावहारिक अडचण येते. लिंबाच्या रसात मांस मुरवण्याची सवय चिवट, जाड धाग्याच्या मांसासाठी लागली. त्याला आंबट रस सोसतो. कोंबडी मुळातच मऊ. तिला मऊ करण्याची गरज नसते, तिला कोरडं होण्यापासून वाचवण्याची गरज असते. गोमांसाची रीत आपण तशीच कोंबडीवर लादली, आणि वर ती फ्रीझरमध्ये घातली.

आता लिंबू नेमकं काय करतं? लिंबाचा रस चांगलाच आंबट, सामू दोन ते अडीचच्या आसपास. आम्लाने मांसातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती पुन्हा एकमेकांत गुंततात. उष्णतेनेही साधारण असंच होतं. लॅटिन अमेरिकेत ‘सेविचे’ नावाचा पदार्थ असतो, त्यात कच्चे मासे लिंबाच्या रसात ठेवतात आणि ते शिजल्यासारखे पांढरे होतात. जंतूंच्या दृष्टीने ते शिजलेले नसतात, हे लक्षात ठेवा, पण पोत बदलतो. चिकनचंही तेच. अर्धा तास, एक तास रस लागला तर चव येते. बारा-चोवीस तास लागला तर वरचा थर पांढरट, भुसभुशीत होतो आणि तव्यावर पाणी सोडतो. आणि गंमत म्हणजे एवढा वेळ देऊनही आम्ल काही मिलिमीटरच आत जातं. म्हणजे बाहेर पीठ आणि आत अळणी.

मीठ वेगळं वागतं. ते हळूहळू खोलवर जातं, आणि स्नायूंच्या प्रथिनांना थोडं फुगवून पाणी धरून ठेवायला लावतं. तव्यावर टाकल्यावर चिकन रसाळ राहतं ते मिठामुळे. मसाल्यातलं खरं काम करणारं एकच असेल तर ते मीठ. जिरं, मिरची, लसूण यांची चव बहुतांशी पृष्ठभागावरच राहते. फहितात त्याने बिघडत नाही, कारण शेवटी आपण पातळ पट्टे कापतो आणि प्रत्येक घासात थोडा पृष्ठभाग येतोच.

आता फ्रीझरचा दरवाजा उघडू. चिकनमध्ये जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. ते शून्याला गोठत नाही, त्याच्या एक-दोन अंश खाली गोठायला लागतं, आणि उणे पाचपर्यंत जाईतो त्यातल्या मोठ्या भागाचा बर्फ झालेला असतो. हा जो पट्टा आहे, उणे एक ते उणे पाच, त्यातून चिकन किती लवकर पार होतं यावर पुढचं सगळं अवलंबून. लवकर पार झालं तर बर्फाचे कण बारीक राहतात. रेंगाळलं तर कण मोठे होतात, पेशी फाटतात, आणि वितळताना पिशवीत तांबूस पाणी साचतं. क्लॅरेन्स बर्ड्‌झाय नावाच्या माणसाने लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत पाहिलं होतं, की तिथले इन्युइट लोक मासे पकडताक्षणी गोठवतात आणि महिन्यांनी शिजवले तरी ते ताज्यासारखे लागतात. त्यावरून १९२०च्या दशकात त्याने अन्नाची चपटी पाकिटं थंड धातूच्या पत्र्यांमध्ये दाबून झटकन गोठवण्याचं यंत्र केलं. आपल्या घरी ते यंत्र नाही, पण ‘चपटी’ हा शब्द धरून ठेवा.

पाणी गोठताना आणखी एक गोष्ट होते, आणि इथेच आमचे लिंबू-अननस पकडले गेले. बर्फ हा शुद्ध पाण्याचा होतो. मीठ, आम्ल, साखर हे सगळं उरलेल्या न गोठलेल्या पाण्यात ढकललं जातं, त्यामुळे ते पाणी जास्त खारट, जास्त आंबट होत जातं. पिशवी उणे अठराला स्थिरावली की हालचाल जवळजवळ थांबते. म्हणून म्हटलं, की तिथे मुरणं नाही. पण पिशवी बाहेर काढली की सगळ्यात आधी वितळतो तो मसाला, कारण खारट-आंबट पाण्याचा गोठणबिंदू खाली असतो. आतलं चिकन अजून दगड, आणि त्याच्या अंगावर तीव्र आंबट रस बसलेला. फ्रीजमध्ये अशी पिशवी वितळायला रात्रभर किंवा पूर्ण दिवस लागतो. म्हणजे जी वेळ आपण मोजतच नव्हतो, ती खरी मुरण्याची वेळ.

अननसाचा गुन्हा याहून मोठा. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, जसं कच्च्या पपईत पापेन. मटण शिजत नाही म्हणून पपईचा तुकडा वाटून लावायची आपली जुनी युक्ती आहे, आणि ती खरी आहे. पण थंडीने ही विकरं मरत नाहीत, झोपतात. वितळताना जागी होतात आणि प्रथिनांचे धागे कुरतडत बसतात. आम्ही नंतर मुद्दाम करून पाहिलं. एकाच चिकनच्या तीन पिशव्या केल्या. एकीत लिंबाचा रस, एकीत अननस, एकीत दोन्ही नाही. तीन आठवड्यांनी एकाच फ्रीजमध्ये एका दिवसात वितळवल्या. अननसवाल्या चिकनचा तुकडा चिमट्याने उचलताना तुटला. लिंबूवाल्याला पांढरा मऊ थर आला होता. तिसरं चिकन दिसायला अगदी साधं, पण तव्यावर टाकल्यावर सगळे त्याच्याभोवती जमले.

तर तिसऱ्या पिशवीत काय होतं ते सांगतो. माप एक किलो चिकनचं आहे.

चिकन हाडं काढलेलं, शक्यतो मांडीचं. त्यात चरबी थोडी जास्त असल्याने ते जास्त शिजलं तरी माफ करतं. छातीचं घेतलं तर सुरी आडवी फिरवून त्याचे दीड सेंटीमीटर जाडीचे चपटे तुकडे करा. पट्टे मात्र आधी कापू नका. बहुतेक पाककृतींत आधीच पट्टे करतात, आम्हाला ते पटत नाही. जितके जास्त काप, तितका पृष्ठभाग, तितकं पाणी बाहेर. वाकेरोही आख्खा तुकडा भाजून मगच कापत.

मीठ बारा ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे साधारण दोन सपाट टीस्पून. पण थांबा. अमेरिकेत विकतच्या चिकनमध्ये पुष्कळदा मिठाचं पाणी आधीच भरलेलं असतं, आणि पाकिटावर बारीक अक्षरात अमुक टक्के द्रावण असल्याचं लिहिलेलं असतं. तसं असेल तर मीठ निम्मं करा. सोया सॉस घालायची आवड असेल तर त्याच्या एका टेबलस्पूनमध्ये अडीच ग्रॅमच्या जवळपास मीठ असतं, ते वजा करा.

तेल चार टेबलस्पून. जिरेपूड दोन टीस्पून. मिरी अर्धा टीस्पून. ओरेगानो एक टीस्पून, मिळाला तर मेक्सिकन. तो पिझ्झावर घालतात त्याचा भाऊ नाही, वेगळ्याच कुळातली वनस्पती आहे, वासाला जरा लिंबाकडे झुकणारी. लसणाच्या पाच पाकळ्या. दोन लिंबांच्या सालीचा किस, फक्त हिरवा भाग, पांढरा आला की कडू. गूळ किंवा साखर अर्धा टीस्पून, जास्त नाही, नाहीतर तव्यावर जळते.

आणि मिरची. इथे एक धोक्याची सूचना, कारण आमच्यातल्या एका घरात हे झालेलं आहे. अमेरिकन पाककृतीत ‘दोन टेबलस्पून चिली पावडर’ लिहिलेलं असतं. ते आपलं लाल तिखट नव्हे. ते मिश्रण असतं. सौम्य सुक्या मिरच्या, जिरं, ओरेगानो, लसूण असं एकत्र केलेलं. १८९०च्या दशकात टेक्सासच्या न्यू ब्राउनफेल्समध्ये विल्यम गेबहार्ट या जर्मन वंशाच्या माणसाने असं मिश्रण बाटलीत भरून विकायला सुरुवात केली, तेव्हापासून ते टेक्स-मेक्सचा पाया झालं. त्या मापाने लवंगी मिरचीचं तिखट घातलं तर बाळंतिणीचं काय होईल, विचार करा. आम्ही एक टेबलस्पून बेडगी किंवा आंचो मिरचीची पूड घालतो आणि एक टीस्पून धुरावलेली पाप्रिका. निखाऱ्याची थोडी आठवण त्याने येते.

आता कृतीतला आपला हात. हे सगळं कच्चं कालवायचं नाही. तेल मंद गरम करायचं, लसूण ठेचून त्यात अर्धा मिनिट परतायचा, आच बंद करून जिरेपूड, मिरची, पाप्रिका, ओरेगानो टाकायचं. म्हणजे फोडणीच, फक्त तडतड नाही. जिऱ्याचा वास, मिरचीचा तिखटपणा, रंग हे सगळं पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतं. लसणाचं कारण वेगळं. जॉर्जिया विद्यापीठात घरगुती अन्नसाठवणीचं एक राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय, की गोठवल्यावर लसूण आणि मिरी उग्र, कडवट होत जातात आणि मिठाची चव मात्र उतरते. लसूण परतून घेतला की तो उग्रपणा पुष्कळ कमी होतो, असा आमचा अनुभव. मिरीही आम्ही त्यामुळेच हात राखून घालतो. हे तेल पूर्ण गार झाल्यावरच मीठ, गूळ, लिंबाचा किस मिसळून चिकनला चोळायचं. कोमट तेल कच्च्या चिकनवर ओतणं म्हणजे जंतूंना ऊबदार अंथरूण घालून देणं. आणि लसूण घातलेलं तेल उरलं तर ते बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बॉट्युलिझमच्या जंतूंना नेमकं तेच हवं असतं.

लिंबाचा रस पिशवीत नाही. तो शेवटी.

पिशवी भरण्याबद्दल. अर्धा किलोपेक्षा जास्त एका पिशवीत नको. तुकडे एका थरात पसरा, पिशवी आडवी ठेवून हाताने दाबत हवा काढा. शेवटची हवा काढायला एक सोपी रीत आहे. झिप बोटभर उघडी ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवायची, पाणीच हवा बाहेर ढकलतं, मग झिप बंद. हवा राहिली तर बर्फाची थेट वाफ होत जाते आणि चिकनवर राखाडी, वातड डाग पडतात. मसाल्यातलं तेल अंगाला चिकटून राहतं, त्याने थोडं संरक्षण मिळतं, पण सगळं नाही. पिशवीची जाडी दोन सेंटीमीटरच्या आत ठेवा. जाडी दुप्पट केली की गोठायचा वेळ नुसता दुप्पट होत नाही, तो चौपटीकडे झुकतो. वितळण्याचंही तसंच. बर्ड्‌झायची चपटी पाकिटं ती हीच. पिशव्या ताटात किंवा ट्रेवर सुट्या ठेवून गोठवा, दगड झाल्यावर मग पुस्तकांसारख्या उभ्या लावा. आणि एकाच दिवशी दहा किलो चिकन फ्रीझरमध्ये कोंबू नका. घरच्या फ्रीझरला चोवीस तासांत दर घनफुटामागे दोन-तीन पौंडच झेपतात, जास्त घातलं तर सगळंच रेंगाळतं.

किती दिवस ठेवायचं? नुसतं चिकन कितीतरी महिने टिकतं. पण मीठ लावलेल्या चिकनची चरबी फ्रीझरमध्येही हळूहळू खवट होते, मीठच त्याला हातभार लावतं. म्हणून आमचा नियम दोन महिन्यांचा. त्यानंतर ते अपायकारक होतं असं नाही, पण भेट म्हणून द्यावंसं वाटत नाही.

आता तो दिवस, ज्या दिवशी पिशवी खायची आहे. खरं तर त्याच्या आदल्या दिवशी. पिशवी फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवायची. पिशवी गळली तर कच्चं पाणी कोथिंबिरीवर नको. फ्रीज चार अंशांच्या आसपास असतो, तिथे मीठ आत जात राहतं आणि जंतू फारसे वाढत नाहीत. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, तोही विकरासारखा झोपलेलाच असतो. ओट्यावर ठेवलं तर बाहेरचा थर खोलीच्या तापमानाला पोचतो आणि आत अजून बर्फच असतो, त्या मधल्या तासांत जंतू मनसोक्त वाढतात. विसरलात आणि आजच हवंय? मग बंद पिशवी गार पाण्यात बुडवा, पाणी दर अर्ध्या तासाने बदला. चपटी पिशवी बहुधा तासाभरात सुटी होते, मग मात्र लगेच शिजवायची.

शिजवताना पिशवीतलं पाणी ओतून टाका आणि तुकडे कागदी रुमालाने टिपून घ्या. मसाला थोडा पुसला जातो, जाऊ दे. ओलं चिकन भाजत नाही, उकडतं. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, थोडं तेल, आणि तुकडे एकमेकांना न चिकटवता टाका. तीन-चार मिनिटं हात लावू नका. उलटा, पुन्हा तेवढाच वेळ. मधोमध ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरेनहाइट, झालं पाहिजे. थर्मामीटर दहा-पंधरा डॉलरला मिळतो, आम्ही आता पिशव्यांबरोबर तोही देतो. ताटात काढल्यावर, गरम असतानाच, एक किलोला तीन टेबलस्पून या हिशेबाने लिंबाचा ताजा रस वरून पिळा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. मग धाग्याच्या आडवे पट्टे कापा. ताटातला रस, लिंबू आणि मसाला मिळून जे झालेलं असतं, त्यात ते पट्टे घोळवा. लिंबाला ही पाच मिनिटं पुरतात. पिशवीत त्याने एक दिवस घेऊन जे बिघडवलं असतं, ते इथे पाच मिनिटांत साधतं, आणि वासही ताजा राहतो.

कांदा आणि ढोबळी मिरची? पिशवीत चिकनबरोबर घालू नका. त्यांच्या पेशी गोठताना फुटतात, वितळल्यावर त्या लिबलिबीत होतात आणि सगळं पाणी चिकनला देतात. त्याच तव्यावर, चिकन विसावत असताना, ताज्या परतायच्या. चिरायला खरंच कुणी नसेल तर वेगळ्या पिशवीत गोठवा आणि न वितळवता कडक तव्यावर टाका. कुरकुरीत होणार नाहीत, पण चालतील.

प्रश्न आले आहेत, दोन-तीन घेतो.

एका ताईंनी विचारलंय, दह्याचं काय? दही लिंबाइतकं आंबट नसतं, एका रात्रीचं वितळणं ते सोसतं. पण गोठल्यावर दही फुटतं आणि तव्यावर त्याचं पाणी होतं. शिवाय मग तो फहिता राहत नाही, टिक्का होतो. टिक्का करायचा असेल तर जरूर करा.

गोठलेली पिशवी थेट स्लो कुकरमध्ये रिकामी केली तर? नको. स्लो कुकर इतका हळू तापतो, की गोठलेलं चिकन जंतूंच्या आवडत्या तापमानात तासन्‌तास बसून राहतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचंही हेच सांगणं आहे, की आधी पूर्ण वितळवा. प्रेशर कुकरमध्ये गोठलेलं शिजतं, पण तो रस्सा होईल.

वितळवलं आणि त्या दिवशी करायला जमलंच नाही, तर? फ्रीजमध्ये वितळवलेलं असेल तर आणखी एक-दोन दिवस फ्रीजमध्येच चालतं. पिशवीत लिंबू नाही, त्यामुळे पोतही बिघडत नाही. हा या मसाल्याचा फायदा आम्ही आधी धरलाच नव्हता, त्या मुलीनेच तो दाखवून दिला. दुसऱ्या खेपेला आम्ही तिला नव्या पिशव्या दिल्या तेव्हा एक पिशवी पूर्ण दोन दिवस फ्रीजमध्ये राहिली, कारण बाळाला ताप होता. तिसऱ्या दिवशी तिने केलं. फोनवर म्हणाली, यावेळी पिठासारखं नाही लागलं.

आणि शेवटचा प्रश्न, पिशवीवर लिहायचं काय? आम्ही पूर्वी फक्त ‘चिकन फहिता’ आणि तारीख लिहीत होतो. आता गोठवण्याआधी, पिशवी कोरडी असतानाच, पक्क्या शाईच्या पेनाने मराठीत मोठ्या अक्षरात लिहितो : ‘आदल्या दिवशी सकाळी फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात. ओट्यावर नाही. शिजल्यावर लिंबू पिळा.’ आणि पिशवीला रबरबँडने दोन लिंबांचा पुडा जोडून देतो. लिंबं फ्रीझरमध्ये ठेवायची नाहीत, हे मात्र तोंडी सांगावं लागतं. एकीने ठेवली होती.